खेळाडूंमधील आनुवंशिक हृदयविकार आणि जनुकीय चाचणी

प्रस्तावना :
२६ जून २००३ रोजी फ्रान्समधील ल्यों येथे कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपांत्य सामन्यात मैदानावर कोसळला व मृत्यू पावला. शवविच्छेदनात त्यास हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी असल्याचे आढळले. असा धोका जनुकीय चाचणीने आधीच ओळखता येईल काय, हा प्रश्न वैद्यकीय तितकाच नैतिकही आहे.

विकाराचे स्वरूप :
या विकारात हृदयाच्या स्नायूंची भिंत जाड होते, स्नायुपेशींची रचना विस्कळीत होते आणि प्राणघातक अनियमित ठोके उद्भवू शकतात. बाधित जनुक आई किंवा वडिलांकडून अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र कठोर सरावामुळे निरोगी खेळाडूच्या हृदयाची भिंतही काहीशी जाड होते. त्यामुळे ईसीजी व इकोकार्डिओग्राफी यांवरून निदान नेहमीच निश्चित होत नाही.

चाचणीच्या मर्यादा :
विकार असलेल्या अनेक रुग्णांत कारणीभूत जनुकीय बदल सापडतच नाही. म्हणून नकारात्मक निष्कर्ष म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. उलट, बदल आढळलेल्या प्रत्येक व्यक्तीस विकार जडतोच असेही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एमवायबीपीसी३ या जनुकातील एक विलोपन भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळते. केवळ त्याच्या आधारे खेळाडूंना अपात्र ठरविल्यास असंख्य निरोगी तरुणांवर अन्याय होईल.

नैतिक व कायदेशीर पैलू :
२००५ मध्ये अमेरिकन बास्केटबॉलपटू एडी करी याचे हृदयाचे ठोके अनियमित आढळल्याने शिकागो बुल्स संघाने जनुकीय चाचणीचा आग्रह धरला. खाजगीपणाच्या हक्कासाठी त्याने नकार दिला व त्याच वर्षी तो न्यूयॉर्क निक्स संघात गेला. संघाची भूमिका जीवरक्षणाची होती, तर खेळाडूच्या दृष्टीने उपजीविका पणास लागली होती. पुढे २००८ च्या अमेरिकन कायद्याने नियोक्त्यांना अशी माहिती मागण्यास सर्वसाधारणतः मनाई केली.

निष्कर्ष :
इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी अनिवार्य आहे. प्राथमिक तपासणीचे स्थान असे चिकित्सेलाच असावे. जनुकीय चाचणी निदान झालेल्या खेळाडूस व त्याच्या कुटुंबीयांस समुपदेशनपूर्वक उपलब्ध व्हावी. ती निवडीची चाळणी न ठरता संरक्षणाचे साधन ठरणे अधिक न्याय्य होय.