फाटकापासून दारापर्यंत : खडीची वाट आणि तिची देखभाल

आजचा विषय साधा वाटेल, पण बंगला, फार्महाऊस किंवा गावाकडचं घर असलेल्यांना तो दर पावसाळ्यात छळतो. फाटकापासून दारापर्यंत जी खडीची वाट असते, ती वर्षानुवर्षं नीट कशी ठेवायची? प्रश्न बहुतेक वेळा असा येतो : "आम्ही दर वर्षी एक गाडी खडी टाकतो, तरी पुढच्या वर्षी खड्डे पुन्हा तिथेच. असं का?"

कारण खड्डा खडी कमी पडल्यामुळे होत नाही, पाणी साचल्यामुळे होतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मं काम झालं.

मॅकॅडम हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्याकडे कंत्राटदार 'डब्ल्यूबीएम' म्हणतात, त्यातला 'एम' म्हणजे तोच. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश माणसाने सांगितलेली गोष्ट अशी : गाडीचं वजन शेवटी खालची माती पेलते. माती कोरडी असेल तर ती वाटेल तेवढं वजन घेते, ओली झाली की बसते. म्हणजे वरची खडी हे त्या मातीचं छप्परच समजा. छप्पर गळत असेल तर त्यावर आणखी कौलं रचून उपयोग नाही, आधी उतार सुधारावा लागतो.

म्हणून आधी उतार तपासा. वाट मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरती हवी. दहा फूट रुंदीच्या वाटेला मध्य कडांपेक्षा साधारण अडीच इंच उंच असावा. मोजायला यंत्र लागत नाही. दोन्ही कडांना दोन सारख्या विटा उभ्या ठेवा, त्यांच्या माथ्यावरून दोरी घट्ट ताणा. कडेला दोरीखाली नऊ इंच असतील तर मध्ये साडेसहाच्या आसपास यायला हवेत. मध्ये नऊ किंवा दहा आले, तर तुमची वाट आता वाट राहिलेली नाही, तिची पन्हळ झाली आहे. वाट घराच्या भिंतीला लागून जात असेल तर मात्र मध्य उंच ठेवू नका. सगळा उतार एकाच बाजूला, घरापासून लांब द्या.

आता कडा बघा. चाकं खडी दोन्ही बाजूंना ढकलतात. तिथे पालापाचोळा कुजतो, माती होते, हरळी उगवते आणि दोन-तीन वर्षांत कडेला बारीकसा बांध तयार होतो. मध्ये उतार कितीही चांगला असला तरी पाणी त्या बांधाला अडून परत चाकोरीत येतं. नवी खडी मागवण्याआधी हा बांध कुदळीने फोडा, गवत मुळासकट काढा, आणि दाताळ्याने खडी मध्याकडे ओढून घ्या. पैसे देऊन आणलेली बरीच खडी तिथेच पडलेली असते. माझं मत विचाराल तर, हे न करता खडी मागवणारा माणूस खडीवाल्याचा मित्र, स्वतःचा नव्हे.

दर वर्षी नुसता थर चढवण्यात आणखी एक धोका आहे. वाट हळूहळू वर येते. आधी फाटक खाली घासायला लागतं, म्हणून लोक फाटकच खालून कापून घेतात! मग वाट जोत्याच्या जवळ पोचते आणि पावसाचं पाणी भिंतीकडे वळतं. घरात भिंतीला खालून ओल चढत असेल आणि प्लंबरला काही सापडत नसेल, तर एकदा बाहेर जाऊन वाटेची उंची बघा.

खड्डा भरायचीही रीत आहे. खड्ड्यात खडी ओतून वर गाडी फिरवली, की आठ दिवसांत ती उडून जाते, कारण खड्ड्याचा तळ गुळगुळीत, कडक वाटीसारखा झालेला असतो. त्या वाटीच्या तळापर्यंत कुदळीने उकरा. आत चिखल असेल तर काढून टाका. मग ओलसर मुरूम-खडीचं मिश्रण तीन-तीन इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थर धुमसाने ठोका, आणि वरचा थर आजूबाजूपेक्षा अर्धा इंच उंच ठेवा. पाणी किती? मूठभर माल दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये.

फाटकाजवळ, जिथे ब्रेक लागतो तिथे, आडव्या लाटा उठतात. पत्र्यावरून गाडी चालल्यासारखा आवाज येतो. वरून खडी टाकून त्या जात नाहीत. लाटेच्या खोलीपर्यंत सगळं खणून, पाणी मारून, पुन्हा दाबावं लागतं. आणि गाडी हळू चालवावी लागते, हे घरातल्या तरुण मंडळींना तुम्हीच सांगा.

माल कोणता घ्यायचा? नदीतले गोल गोटे दिसायला सुंदर, पण ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली गोळ्यांसारखे घरंगळतात. क्रशरची कोनदार खडी घ्या. तीही एकाच मापाची नको. खाली ४० मिलिमीटर, वर २० आणि १० चं मिश्रण, आणि सांधे भरायला कच किंवा थोडा चिकट मुरूम. कच कमी पडला तर खडी सुटी राहते, जास्त झाला तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल. कोकण-गोव्याकडचा जांभ्याचा मुरूम छान बसतो, पण त्यातले मऊ तुकडे चाकाखाली पीठ होतात, तेव्हा वर काळ्या दगडाचा थर हवाच. विदर्भ, मराठवाडा, माळवा इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली तर खडी खाली जाते आणि माती वर येते. नवीन वाट करत असाल तर मधे जिओटेक्स्टाइलचं न विणलेलं कापड अंथरा. एकदाचा खर्च आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींसाठी एक सूचना. खडीला हिंदी पट्ट्यात गिट्टी म्हणतात, गुजरातेत कपची, कर्नाटकात जल्ली. 'बजरी' शब्द मात्र जपून वापरा. हिमाचल-पंजाबात बजरी म्हणजे बारीक खडी, पण राजस्थानात बजरी म्हणजे नदीची वाळू. जयपुरात बजरी मागवाल तर दारात वाळूचा ढीग येईल. 'ब्रास'ही सगळीकडे कळत नाही, घनफुटात बोला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. साठ फूट लांब आणि दहा फूट रुंद वाटेवर दोन इंचांचा सुटा थर द्यायला बरोबर एक ब्रास लागतो. वजनात तो चार टनांच्या थोडा वर भरतो. दाबल्यावर थर बसतो, हे धरूनच मागणी द्या.

कामाची वेळ : मे महिन्यात फक्त चर आणि गटारं मोकळी करा. पावसाळ्यात छत्री घेऊन एकदा वाटेवर उभे राहा आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघून ठेवा. खरी दुरुस्ती पाऊस ओसरल्यावर, जमिनीत ओल असताना. तेव्हा माल चांगला दाबला जातो आणि पाणीही फारसं मारावं लागत नाही. चेन्नईकडे मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो, तिथल्यांनी हे काम जानेवारीत घ्यावं.

गवतासाठी मीठ टाकू नका, शेजारची झाडं मरतात. पावसात मुळं सहज निघतात, तेव्हाच उपटा. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून. आणि धूळ बसावी म्हणून जळकं ऑइल शिंपडायची एक जुनी सवय आहे, ती कृपा करून सोडा. ते झिरपून विहिरीत, बोअरमध्ये जातं. धूळ जास्त उडत असेल तर वर बारीक खडीचा पातळ थर द्या.

शेवटी बदलत्या गरजांबद्दल. वाट केली तेव्हा घरात एक स्कूटर होती, आता पाण्याचा टँकर येतो. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन नुसतं पाणी, गाडीचं वजन वेगळं. अशा वाटेला खाली दगडाचं सोलिंग लागतं, वरवरच्या खडीने भागत नाही. सगळी वाट उकरणं शक्य नसेल तर फक्त दोन चाकोऱ्या मजबूत करा.

दुसरी गरज जास्त नाजूक आहे. घरातली माणसं म्हातारी होतात. सुट्या खडीत काठी रुतते, वॉकर अडकतो, व्हीलचेअरची पुढची लहान चाकं तर जागीच थांबतात. रात्री स्ट्रेचर न्यायची वेळ आली तर तेवढी वाट फार लांब होते. वाटेच्या एका कडेला, दारापासून गाडी उभी राहते तिथपर्यंत, चार फूट रुंद फरसबंदीचा किंवा काँक्रीटचा पट्टा करून घ्या. तो खडीशी समपातळीत ठेवा, पायरी नको, आणि त्याचा उतारही घरापासून लांब. त्यावर उडून आलेली खडी रोज झाडून काढायला सांगा, कारण कठीण पृष्ठभागावर पडलेला एक खडा सुट्या खडीपेक्षा जास्त घसरवतो.

"मग सगळंच काँक्रीट का करू नये?" करता येतं. पण काळ्या मातीवर ते तडकतं, अंगणातलं पाणी जमिनीत मुरायचं थांबतं, आणि खालची पाण्याची लाइन फुटली तर ब्रेकर लावावा लागतो. खडीच्या वाटेला वर्षातून दोन दिवस, एक कुदळ, एक दाताळं आणि एक धुमस पुरतो.