चुकून मारलेली हाक

मुंबईच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडीलगत ट्रॉम्बेची टेकडी उभी आहे. तिची उंची सुमारे 300 मीटर आहे. आकाश निरभ्र असले, म्हणजे ती दुरूनही दिसते. परंतु पावसाळी ढग खाली उतरले, की ती दिसेनाशी होते. ढगांनी किंवा अंधाराने लपविलेला डोंगर वैमानिकाचा मोठा वैरी होय. 1962 च्या जुलै महिन्यात, रात्रीच्या वेळी मुंबईस येणारे एक इटालियन विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील 94 माणसे प्राणास मुकली.

ट्रॉम्बेभोवती दाट वस्ती आहे. तेथे अपघात घडला, तर तो तत्काळ कळेल. सह्याद्रीच्या एखाद्या निर्जन दरीत पडलेले लहान विमान मात्र शोधावे कसे? जखमी माणसाच्या अंगी हाक मारण्याचेही त्राण नसते. म्हणून त्याच्या वतीने हाक मारणारी एक पेटी विमानात, बहुधा शेपटीच्या भागात, बसवितात. जोराचा धक्का बसताच तिच्यातील कळ आपोआप सुरू होते व रेडिओसंदेश निघू लागतो. उपग्रह तो टिपतात. भारतात असे संदेश बंगळूर येथील इस्रोच्या केंद्रात येतात आणि तेथून मुंबईसारख्या ठिकाणच्या बचाव केंद्रांना कळविले जातात.

परंतु पेटीला धक्का कळतो. धक्क्याचे कारण कळत नाही. विमान धावपट्टीवर जरा आदळून उतरले, दुरुस्ती करताना कारागिराचा हात कळीवर पडला, किंवा पेटी नेताना हातातून निसटली, तरी ती तितक्याच कळकळीने हाक मारू लागते. वैमानिक घरी सुखाने जेवत असतो आणि इकडे त्याचा शोध सुरू होतो!

‘लांडगा आला रे आला’ म्हणणारा मुलगा जाणूनबुजून खोटे बोलला होता. पेटीच्या मनात कपट नसते. परिणाम मात्र तोच. एका खोट्या हाकेमागे बचाव पथक गुंतले, तर खऱ्या संकटातील माणसाने कोणाची वाट पाहावी?

जुन्या पेट्या आपण कोणत्या विमानातील, हे सांगत नसत आणि त्यांच्या बहुतेक हाका खोट्या ठरत. म्हणून 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रहांनी त्या ऐकणे बंद केले. 406 मेगाहर्ट्झवर बोलणारी नवी पेटी आपली ओळखही कळविते. मालकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक नोंदलेला असला, की प्रथम त्यालाच विचारता येते.

तरीही माणसाची दक्षता हवीच. नव्या पेट्याही 121.5 मेगाहर्ट्झवर एक क्षीण सूर काढतात. विमान जागेवर उभे केल्यावर, रेडिओ बंद करण्यापूर्वी, सावध वैमानिक तो सूर ऐकू येतो का, हे पाहतो. आला, तर पेटी बंद करून तो गप्प बसत नाही. बचाव केंद्रास लगेच कळवितो. कारण एकाएकी थांबलेल्या हाकेचा अर्थ दूर बसलेल्या माणसास कसा कळावा? विमान समुद्रात बुडाले, असेही त्यास वाटेल. चुकून मारलेली हाक कोणाच्याही हातून घडू शकते. ती चूक वेळीच सांगणे मात्र प्रत्येकाच्या हाती असते.