कावीळ : लक्षण एक, कारणे अनेक

कावीळ हा स्वतंत्र आजार नसून बहुधा यकृत, पित्तनलिका वा स्वादुपिंड यांतील बिघाडाचे लक्षण होय. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ व ‘ई’ कावीळ सहसा विश्रांतीने बरी होते; गर्भवतींस मात्र ‘ई’ घातक ठरू शकते. रक्तावाटे पसरणारी ‘ब’ व ‘क’ वर्षानुवर्षे यकृत पोखरते. पित्ताशयातील खडा नलिकेत अडकल्यास लघवी गडद व शौच पांढुरके होते, अंगास खाज सुटते. स्वादुपिंडास सूज आल्यास पाठीपर्यंत जाणारी तीव्र पोटदुखी उद्भवते. वेदनेविना वाढणारी कावीळ व घटते वजन ही कर्करोगाचीही सूचना असू शकते. सबब गावठी औषधावर विसंबून वेळ न दवडता रक्ततपासणी व सोनोग्राफी त्वरित करून घ्यावी, ही सर्वांस नम्र विनंती.