डॉक्टर 24 तास जागा असेल, तर पेशंटचं काय होतं?

‘डॉक्टरनं नीट बघितलंच नाही. दोन मिनिटांत गोळ्या लिहिल्या आणि वर खेकसले.’ सरकारी दवाखान्यातून बाहेर पडताना अशी तक्रार सर्रास ऐकू येते. काही डॉक्टर स्वभावानंच तसे असतात, पण अनेकदा यामागं बर्नआऊट असतो.

बर्नआऊट म्हणजे नेमकं काय?

नुसता थकवा नाही. थकवा दोन दिवस झोप काढली की जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआऊटच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल कडवटपणा येणं आणि हातून काम नीट होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, तर कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था मानते. म्हणजे इलाजही फक्त माणसावर करून भागत नाही, ड्युटीच्या तक्त्यावरही करावा लागतो.

घोडेगावसारख्या ठिकाणी काय होतं?

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्यालय. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत आदिवासी वाड्या-वस्त्या. कुणाला साप चावला, बाळंतपण अडलं की आधी घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मग मंचर आणि शेवटी पुणं.

सरकारी निकषांनुसार डोंगरी आणि आदिवासी भागात साधारण 80 हजार लोकांमागं असं एक 30 खाटांचं रुग्णालय असतं. कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरचं एक पद रिकामं राहिलं, तर त्याच्या रात्रपाळ्या उरलेल्यांवर येतात. सकाळची ओपीडी, पोलीस केस, शवविच्छेदन आणि कागदपत्रं काही टळत नाहीत.

पेशंटला फटका कसा बसतो?

सलग 24 तास जागं राहिलं की मेंदूची अवस्था रक्तात 0.10 टक्के दारू असल्यासारखी होते, असं 1997 मधल्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडं गाडी चालवताना मर्यादा आहे 0.03 टक्के! 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्या कमी केल्या होत्या. जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका 36 टक्के जास्त होत होत्या.

दुसरा फटका भीतीचा. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरी मारहाण थांबलेली नाही. दमलेला, धास्तावलेला डॉक्टर अवघड केस ठेवून घ्यायला कचरतो आणि ‘पुढं न्या’ म्हणतो. मग नातेवाइकांना रात्रीत मंचर नाहीतर पुणं गाठावं लागतं.

नियम काय सांगतात?

पुढं पुण्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात भेटतो तो निवासी डॉक्टर. 1992 च्या केंद्राच्या नियमांनुसार त्याची ड्युटी सहसा दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त नसावी. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं मर्यादा सुचवली आठवड्याला 74 तासांची. 32 वर्षांत सुधारणेची भाषाच 26 तासांनी वाढली.

मग करायचं काय?

रिक्त पदं भरणं आणि रात्रपाळीनंतर सुट्टी देणं ही सरकारची जबाबदारी. तुम्हीही ग्रामसभेत किंवा माहिती अधिकारात विचारू शकता: आपल्या रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती? आणि ताण असह्य झालेल्या डॉक्टर-नर्ससह कुणासाठीही ‘टेली मानस’चा 14416 हा मोफत नंबर आहे.