दोन ध्वजांखालीं एक खेळाडू : युका सासो

गोल्फच्या खेळांत प्रतिपक्षी असा कोणी समोर उभा राहून अडवीत नाहीं. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा खळगे, काठ्यांची एक पिशवी आणि एक लहानसा पांढरा चेंडू, एवढाच काय तो पसारा. जो कमींत कमी फटक्यांत चेंडू सर्व खळग्यांत पोंचवील, तो जिंकला. प्रत्येक खळग्यासाठीं किती फटके वाजवी समजावे याचा आंकडा ठरलेला असतो. त्याला ‘पार’ म्हणतात. मोठ्या स्पर्धांतून ही फेरी चार दिवस रोज एकदां खेळावी लागते. खेळाडू मैदानांत एकटाच असतो. परंतु गुणफलकावर त्याच्या नांवाजवळ त्याच्या देशाचा ध्वज झळकत असतो. हा ध्वज कोणता असावा, हा प्रश्न युका सासो हिच्या चरित्रांत जितक्या ठळकपणें उभा राहिला, तितका फारच थोड्या खेळाडूंच्या वांट्यास आला असेल.

फिलिपाइन्स बेटांत हा खेळ इंग्रज व अमेरिकन लोकांबरोबर गेला. तेथील राष्ट्रीय खुली स्पर्धा १९१३ सालीं सुरू झाली व आशियांतील अशा स्पर्धांत ती सर्वांत जुनी होय. आरंभीं ती परक्यांच्याच हातीं होती. पुढें देशी खेळाडू पुढें आले. साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहतां वाहतां खेळ उचललेले अनेक जण त्यांत होते. लॅरी माँटेस यानें १९२९ ते १९५४ या काळांत ही स्पर्धा बारा वेळां जिंकली. बेन आर्दा या ठेंगण्या खेळाडूनें १९६९ सालीं भारताची खुली स्पर्धाही जिंकून नेली. तथापि जगांतील अग्रगण्य समजल्या जाणाऱ्या ‘मेजर’ स्पर्धांपैकीं एकही या देशाच्या पुरुषाला किंवा स्त्रीला तोंवर मिळाली नव्हती.

युका सासो हिचा जन्म २० जून २००१ रोजीं बुलाकान प्रांतांतील सान इल्देफोन्सो या गांवीं झाला. तिचे वडील जपानी व आई फिलिपिनो. बालपणाचीं कांहीं वर्षें जपानांत गेलीं; परंतु गोल्फचें शिक्षण घेण्यासाठीं ती पुन्हां फिलिपाइन्समध्यें आली. वडिलांनींच तिला शिकविलें आणि कठोर शिस्तींत वाढविलें. नॉर्दर्न आयर्लंडचा रॉरी मॅकिलरॉय हा तिचा दूरचा गुरु. त्याच्या फटक्यांचीं चलच्चित्रें पुनःपुन्हां पाहून तिनें आपल्या अंगाची फिरकी व काठीची लय घडविली. एकलव्यानें पुतळ्यासमोर विद्या साधली. येथें पुतळ्याच्या जागीं हलतें चित्र होतें, एवढाच फरक.

१९१८ च्या नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिचें नांव प्रथम सर्वतोमुखीं झालें. जकार्ता येथें वयाच्या सतराव्या वर्षीं तिनें वैयक्तिक सुवर्णपदक पटकाविलें व बियांका पाग्दांगानान आणि लॉइस के गो यांच्यासह सांघिक सुवर्णपदकही मिळविलें. त्या स्पर्धांत फिलिपाइन्सला एकूण चारच सुवर्णपदकें मिळालीं. त्यांतलीं दोन गोल्फचीं होतीं. पुढल्या वर्षीं हौशी खेळाडूंचा वर्ग सोडून ती धंदेवाईक झाली आणि जपानच्या स्त्रियांच्या स्पर्धामालिकेंत उतरली. २०२० च्या ऑगस्ट महिन्यांत तिनें तेथें दोन स्पर्धा जिंकल्या.

यानंतर ६ जून २०२१ चा दिवस उजाडला. सॅन फ्रान्सिस्को येथील ऑलिंपिक क्लबच्या मैदानावर अमेरिकेच्या स्त्रियांच्या खुल्या स्पर्धेची अखेरची फेरी होती. दुसऱ्या व तिसऱ्या खळग्यांवर सासोनें पारपेक्षां प्रत्येकीं दोन फटके अधिक घेतले. आघाडीवरच्या लेक्सी थॉम्प्सनचें पारडें पांच फटक्यांनीं जड झालें होतें. परंतु शेवटच्या नऊ खळग्यांत तिचा खेळ ढांसळला. सासोनें मात्र सोळाव्या व सतराव्या खळग्यावर एकेक फटका वांचविला. अखेर ती व जपानची नासा हाताओका यांचे फटके सारखे, २८० झाले. निकालासाठीं खेळलेल्या जादा खळग्यांपैकीं तिसऱ्यावर सासो विजयी झाली. त्या दिवशीं तिचें वय १९ वर्षें, ११ महिने व १७ दिवस होतें. २००८ सालीं ही स्पर्धा जिंकतांना कोरियाच्या इन्बी पार्कचें वय दिवसाच्या हिशेबानें नेमकें तितकेंच होतें. फिलिपाइन्सला पहिली ‘मेजर’ मिळाली होती. त्याच उन्हाळ्यांत टोकियो ऑलिंपिकमध्यें ती फिलिपाइन्सच्याच वतीनें खेळली व संयुक्त नववी आली.

परंतु काळजाचा प्रश्न कायद्याच्या दारीं येऊन थांबला होता. जन्मतः दोन देशांचें नागरिकत्व असणाऱ्यानें त्यांतील एकाची निवड करावी, असा जपानचा कायदा आहे. तिच्या वेळीं त्यासाठीं बावीस वर्षांची मर्यादा होती. २०२१ च्या अखेरीस तिनें जपानची निवड जाहीर केली. जगभर हिंडून खेळणाऱ्याला जपानी पारपत्रानें प्रवास सुकर होतो, हेंही एक कारण तिनें दिलें. फिलिपाइन्समध्यें हळहळ झाली, तशीच समजूतदारपणाची भाषाही ऐकूं आली. ज्या देशानें तिला मैदान दिलें, तिची स्पर्धांची उमर घडविली, त्याला वाईट वाटणें स्वाभाविक होतें. पण धंदेवाईक खेळाडूची भाकरी जेथें मिळते ती मोठी मालिका त्या देशापाशीं नव्हती, हेंही तितकेंच खरें होतें.

२ जून २०२४ रोजीं पेन्सिल्व्हानियांतील लँकेस्टर येथें तिनें तीच स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली. अखेरच्या फेरींत सहाव्या खळग्यावर चेंडू कांहीं पावलांवर असतां तिला चार फटके लागले. तरी पुढें तिनें सांवरून २७६ फटक्यांत डाव संपविला व हिनाको शिबुनोला तीन फटक्यांनीं मागें टाकलें. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली जपानी खेळाडू. मैदानें दोन, स्पर्धा एक, विजेती एक. ध्वज मात्र दोन. दोन निरनिराळ्या देशांच्या वतीनें ‘मेजर’ जिंकणारा दुसरा खेळाडू तोंवर झाला नव्हता.

त्याच वर्षीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें सासो जपानकडून खेळली. फिलिपाइन्सकडून उतरलेली तिची जकार्ताची सोबतीण बियांका पाग्दांगानान तेथें संयुक्त चौथी आली. एक खेळाडू गेली म्हणून त्या देशाची विद्या गेली नाहीं. नोंदपुस्तकांतील ध्वज कायदा ठरवितो. परंतु २०२१ सालच्या त्या रकान्यांत फिलिपाइन्सचें नांव कायमचें लिहिलें गेलें आहे, आणि पुढची कोणतीही निवड तें पुसूं शकत नाहीं.