पहाटे ४ ला उठणारे शहर: कोल्हापुरातील अर्धमॅरेथॉन

अर्धमॅरेथॉन ही २१.०९७५ किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत आहे. अंतराचा हा अडनिडा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला. त्या वर्षी मॅरेथॉन विंडसर किल्ल्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर भरले आणि १९२१ मध्ये तेच कायम झाले. त्याचे निम्मे ते अर्धमॅरेथॉनचे अंतर. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसाला तीन-चार महिन्यांच्या नेमाच्या सरावात ही शर्यत पेलते. शनिवारी परगावी जायचे, रविवारी सकाळी धावायचे आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे, असा दोन दिवसांचा प्रवास त्यामुळे शक्य होतो. पुण्या-मुंबईच्या हौशी धावपटूंना या प्रवासासाठी कोल्हापूर सोयीचे पडते. ‘लोकमत महामॅरेथॉन’ मालिकेतील एक शर्यत येथे होते. पोहणे, सायकल आणि धावणे मिळून ११३ किलोमीटरच्या ‘बर्गमॅन’ ट्रायथलॉनमध्येही शेवटचा भाग अर्धमॅरेथॉनचाच असतो.

शर्यतीचा मोसम थंडीचा. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असलेल्या या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगला गारवा असतो. सकाळी आठनंतर मात्र ऊन चटकन चढते. हाच ऊसतोडणीचा काळ. बाहेरगावाहून येणाऱ्या धावपटूला शहर लागण्याआधी उसाने लादलेले ट्रॅक्टर दिसतात आणि गुऱ्हाळ जवळ असेल तर चुलवाणावर उकळणाऱ्या रसाचा वास येतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लांब धावण्यात शरीराला लागणारी साखर या गुळात भरपूर असते, म्हणून चिक्की किंवा गुळाचा खडा कंबरेच्या पट्ट्यात ठेवून धावणारे धावपटू असतात.

धावण्याचे हे वेड नवे असले, तरी शरीर कमावणे हा कोल्हापूरचा जुना उद्योग आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. तेथे पाहिलेल्या रोमच्या प्राचीन रिंगणाचा आदर्श समोर ठेवून त्यांनी खासबाग मैदान बांधून घेतले आणि १९१२ मध्ये ते खुले झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत पैलवानाचा दिवस पहाटे ४ ला सुरू होतो. जोर, बैठका आणि मातीतल्या लढती या सगळ्याला तालमीत एकच शब्द आहे, ‘मेहनत’. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५,००० आणि १०,००० मीटर जिंकल्यावर आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावून तीही जिंकली. कुस्ती आणि लांब पल्ल्याचे धावणे वरवर दूरचे वाटतात, पण दोन्हींत रोजची मेहनत चुकवता येत नाही.

शर्यतीचे पहिले काम धावपटू येण्याच्या कितीतरी आधी होते, ते मार्ग मोजण्याचे. मोटारीचा मीटर किंवा मोबाइल त्यासाठी चालत नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे यंत्र बसवतात, पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्टीवर सायकल चालवून त्याचे प्रमाण काढतात आणि मगच रस्ता मोजतात. मोजणारा प्रत्येक वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, शक्य तितक्या जवळच्या वाटेने जातो. मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्त धरतात, म्हणजे अर्धमॅरेथॉनला सुमारे २१ मीटर. धावपटू मात्र गर्दीतून वाट काढत, वळणे बाहेरून घेत धावतात, म्हणून शर्यत संपल्यावर पुष्कळांच्या घड्याळात अंतर जास्त दिसते. अशा वेळी बहुधा मार्ग बरोबर असतो आणि पाय जास्त चाललेले असतात.

शनिवार आवरता घेण्याचा दिवस. मुंबईहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला पोहोचते. पुण्याहून रस्ता सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा. आल्यावर धावपटूचा क्रमांक, टी-शर्ट आणि वेळ मोजणारी चिप ताब्यात घेतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण गावात चारी बाजूंनी मिसळीच्या कटाचा आणि मटणाच्या रश्श्याचा वास असतो. तांबड्या रश्श्यातले तिखट आणि तेल, पांढऱ्या रश्श्यातला नारळ आणि तीळ हे सगळे पोटात बराच वेळ राहते आणि दुसऱ्या दिवशी आठव्या-दहाव्या किलोमीटरला त्रास देते. म्हणून शनिवारी रात्री वरण-भात, दही, बटाटा असे सवयीचे आणि पचायला हलके खायचे. नवे बूट, नवे मोजे, नवा पदार्थ या दिवशी वर्ज्य. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने अर्धा तास सावकाश चालले की प्रवासाने आखडलेले पाय मोकळे होतात.

रविवारी गजर पहाटे ४ चा असतो. शर्यतीआधी दोन तास काहीतरी पोटात जावे आणि पोट साफ व्हावे, यासाठी ही वेळ. एवढ्या लवकर उठणे परगावच्या पाहुण्याला पराक्रम वाटते, पण त्या घडीला तालमीत दिवे लागलेले असतात आणि गोठ्यांत धारा काढणे चालू असते. पाण्याच्या टेबलांवरची मुलेही तेव्हाच बाहेर पडलेली असतात. त्यांतली बरीचशी महाविद्यालयीन वयाची, स्वेटर घातलेली, हात पाण्याने गारठलेली. काही तासांत हजारो पेले भरायचे, हातभर पुढे धरायचे, धावणाऱ्याने पेला घेताच दुसरा पुढे करायचा आणि शेवटी रस्त्यावरचे पेले गोळा करायचे. या कामाला वेळ मोजणारी चिप नाही आणि पदकही नाही. शर्यत कशी झाली हे ठरवण्यात मात्र या टेबलांचा वाटा मोठा असतो.

सुरुवातीला सगळे जोरात सुटतात. थंड हवा, संगीत आणि गर्दी यांमुळे पहिले तीन किलोमीटर फुकट मिळाल्यासारखे वाटतात, आणि त्यांचीच किंमत पुढे मोजावी लागते. दोन तासांत शर्यत पुरी करायची तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंदांत पडला पाहिजे. अडीच तासांसाठी तोच हिशेब सुमारे ७ मिनिटे ६ सेकंदांचा. शहर सपाट नाही. रंकाळा आणि पंचगंगेकडचा भाग सखल, तर शिवाजी विद्यापीठाचा सागरमाळ उंच. चढावर वेग राखण्याचा हट्ट सोडून श्वास राखायचा, पावले छोटी टाकायची आणि उतारावर गुडघ्यांवर आदळत जायचे नाही.

स्नायू आणि यकृतात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जोरात धावताना साधारण दीड ते दोन तास पुरते. दोन तासांहून अधिक वेळ घेणाऱ्याला म्हणून पंधराव्या किलोमीटरनंतर पाय जड लागतात. त्याआधीच थोडा गूळ, केळे किंवा जेल घ्यावे. पाणी घोट-घोट प्यावे, कारण गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियम घटून ते जिवावर बेतू शकते. याच टप्प्यावर पाण्याच्या टेबलामागून ‘पळा पाव्हणं, पळा’ अशी हाक येते. पुढचे धावपटू पेला झटक्यात घेऊन जातात. सर्वांत मागचे थांबतात, पाणी पितात आणि पेला देणाऱ्या मुलाचे आभार मानतात. तोपर्यंत ऊन चढलेले असते, तरी टेबल उभे असते. एखाद्या शर्यतीची पारख पहिल्या आलेल्याच्या वेळेवरून करू नये, शेवटच्या धावपटूला पाणी मिळाले की नाही यावरून करावी.

एकविसाव्या किलोमीटरनंतर उरतात ९७.५ मीटर. शेवटच्या पट्टीवरून पाऊल गेले की चिपमुळे वेळ नोंदली जाते. बंदुकीच्या बारापासून मोजलेली आणि सुरुवातीची पट्टी ओलांडल्यापासून मोजलेली अशा दोन वेळा मिळतात. हौशी धावपटूने दुसरीच आपली मानावी. लगेच बसू नये. दहा मिनिटे चालत राहिल्यास पायांत साचलेले रक्त परत फिरते आणि भोवळ येत नाही.

मग शनिवारी राखलेली भूक मोकळी करायची. दमलेल्या स्नायूंना पिठूळ पदार्थ, प्रथिने, मीठ आणि पाणी हवे असते. हे सगळे कोल्हापूरच्या ताटात जागच्या जागी सापडते: भाकरी किंवा भात, मटण आणि दोन्ही रस्से. संध्याकाळी गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध मिळते. म्हैस तेथेच उभी असते आणि ग्राहकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. पैलवानांच्या खुराकातला हा भाग. हे दूध न तापवलेले असते, म्हणून सवय नसलेल्याने किंवा नाजूक पोटाच्या माणसाने उकळलेलेच घ्यावे.

दुपारी फिरायचे ते जपून. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आणि जोतिबाचा डोंगरही जवळ, पण त्या दिवशी पायऱ्या उतरणे मांड्यांना नको होते. अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप आणि खासबाग एकमेकांच्या चालत्या अंतरावर आहेत. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या प्रारंभी शर्यत असेल तर किरणोत्सवाची वेळ साधता येते. त्या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे देवळाच्या महाद्वारातून थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत येतात.

स्नायूंचे दुखणे शर्यतीच्या दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, कारण सूक्ष्म इजा झालेले तंतू त्या काळात भरून येत असतात. परतीच्या प्रवासात म्हणून दर तासाला उठून चार पावले टाकावीत. शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जोराचे धावणे टाळावे, असा न्यूझीलंडचा धावपटू जॅक फॉस्टर याच्या नावावर सांगितला जाणारा नियम आहे. अर्धमॅरेथॉनला त्याप्रमाणे १३ दिवस होतात. या काळात चालणे, हलके पळणे आणि पुरेशी झोप एवढेच करावे, आणि चौदाव्या दिवसापासून नेहमीची मेहनत पुन्हा सुरू करावी.