मांडवातील गाणे कितीला पडते?

डिसेंबर जवळ आला की पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची चर्चा सुरू होते. अशाच एका चर्चेत माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तेच कलावंत, तेच राग घरबसल्या फुकट ऐकता येतात. मग तिकीट काढून थंडीत पाचसहा तास मांडी घालून कशासाठी बसायचे?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. वैकल्पिक खर्चाची संकल्पना मीच त्याला शिकविली होती आणि तिचा त्याने योग्य ठिकाणी उपयोग केला होता. त्याला दिलेले उत्तर मात्र मलाच अपुरे वाटले. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम खर्चाची बाजू मांडू. तिकिटाची रक्कम हा त्यातील लहान भाग. जाण्यायेण्याचा वेळ, बुडालेली झोप, दुसऱ्या दिवशीचे कार्यालय किंवा तास हे खरे मोल. एवढे मोजून हाती काय पडते? रंगमंचापासून दूर बसणाऱ्यास गायकाच्या चेहऱ्यापेक्षा पडद्यावरील त्याचे चित्रच अधिक दिसते. आवाज ध्वनिक्षेपकातून येतो. शेजारी कुजबूज चालू असते आणि मागे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांवरची वर्दळ. प्रस्तुत लेखकानेही एका वर्षी एका विलंबित ख्यालाची पहिली पंधरा मिनिटे जागेच्या तंट्यात गमावली आहेत.

याहून गंभीर आक्षेप कलेच्या बाजूने घेता येतो. सवाई गंधर्वांना अब्दुल करीम खाँसाहेबांकडून लाभलेली किराणा घराण्याची गायकी ही संथ, स्वरास्वराने उलगडणारी. ती लहान बैठकीत जशी भिडते तशी अफाट जनसमुदायापुढे भिडणे कठीण. हजारोंच्या टाळ्या तिहाईला आणि द्रुत तानेला पडतात, हे कलावंतही जाणून असतो. त्यात उघड्या मैदानाची मर्यादा वेगळीच. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणे बंद झाले. वर्षातील मोजक्याच दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. परिसरातील रहिवाशांचा झोपेचा हक्क मान्यच केला पाहिजे. पण त्यामुळे उत्तररात्रीचा मालकंस आणि पहाटेचा ललित त्यांच्या त्यांच्या वेळी ऐकण्याचा योग या मांडवातून गेला, हेही नोंदविले पाहिजे.

मग असे प्रचंड महोत्सव हवेतच कशाला? याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगकलांच्या मूळ दुखण्यावर बोट ठेवले. कारखान्यात यंत्रे आली, दर कामगारामागे उत्पादन वाढले आणि त्या प्रमाणात वेतनही वाढले. संगीतात तसे घडत नाही. तासाभराच्या ख्यालाला १९५३ साली एक तास लागत होता, आजही एक तासच लागतो. कलावंतांना आणि साथीदारांना मात्र आजच्या महागाईत जगायचे असते. साहजिकच मैफलीचा खर्च सतत चढत जातो. हा बोजा शंभर श्रोत्यांच्या बैठकीवर टाकला, तर ती बैठक धनिकांपुरती उरेल. तोच हजारोंत विभागला की शिक्षकाला आणि कारकुनालाही आत येता येते. म्हणजे ज्या गर्दीला आपण नाके मुरडतो, त्याच गर्दीने आपले तिकीट स्वस्त केलेले असते.

परंतु स्वस्ताई हे जाण्याचे पुरेसे कारण होत नाही. घरचे गाणे त्याहूनही स्वस्त आहे. खरे कारण मला विद्यार्थिदशेत कळले. भारतीय बैठकीचे तिकीट काढून मी जाजमावर बसलो होतो. राग ओळखण्याइतकीही माझी तयारी नव्हती. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ गायक समेवर येण्याच्या क्षणभर आधीच मान उचलीत. तास-दीड तास त्यांच्या मानेकडे पाहून मला सम कळू लागली. ही शिकवणी मला कोणी विकली नव्हती आणि त्यांनाही तिचा पत्ता नव्हता. आम्ही ज्याला बाह्य लाभ म्हणतो, तो हाच. मैफलीत श्रोता हा केवळ ग्राहक नसतो, तो उत्पादनात सहभागी असतो. जाणत्याची दाद गायकाला वर उचलते आणि नवख्याला शहाणे करते. घरी एकट्याने ऐकताना यांतले काही घडत नाही.

हा महोत्सव भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. त्याची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीतील ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. अवघ्या काही मिनिटांचे हे जुने ध्वनिमुद्रण कोणासही घरी ऐकता येते. तरीही अखेरच्या दिवशी लोक त्यासाठी थांबतात आणि स्तब्ध होऊन ऐकतात. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या स्तब्धतेत आहे.

तेव्हा जावे की न जावे? जावे, पण विवेकाने. सर्व दिवस हजेरी लावण्याचा हव्यास नको. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम कानांनाही लागू आहे. एक सत्र निवडावे, ते आरंभापासून ऐकावे आणि ज्याचे नाव ऐकलेले नाही अशा कलावंतासाठी आवर्जून बसावे. केवळ जाऊन आल्याचे छायाचित्र हवे असणाऱ्याने घरी थांबलेले बरे.

आणि अशा महोत्सवांच्या चालकांकडे एकच मागणे. खुर्च्यांच्या पुढल्या रांगा हव्या तेवढ्या महाग करा, पण जाजमावरची जागा विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशीच ठेवा. ती महागली तर यंदाचा हिशोब कदाचित जुळेल, मात्र वीस वर्षांनी समेवर मान उचलणारा शेजारी कोणालाच मिळणार नाही.